दोन विपळांची तफावत

लंडननजीक थेम्स नदीच्या काठी ग्रीनिचच्या टेकडीवर दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ साली जी वेधशाळा स्थापन केली, तिचे वर्णन आपल्या पाठ्यपुस्तकांतून ज्ञानोपासनेचे मंदिर म्हणून येते. परंतु तिच्या रोजच्या कारभाराकडे पाहिले, तर ती मुळात एक सरकारी कचेरी होती आणि बिनचूक नोंदी ठेवणे हे तिला नेमून दिलेले काम होते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. खोल समुद्रात गेलेल्या जहाजाच्या कप्तानाला आपण पृथ्वीच्या पाठीवर पूर्वपश्चिम नेमके कोठे आहोत हे कळावे, यासाठी चंद्राची व ताऱ्यांची स्थाने आगाऊ ठरवून ठेवणे अगत्याचे होते. आरमार, व्यापार आणि वसाहती यांचे हितसंबंध त्या आकड्यांत गुंतलेले होते. आणि म्हणून वर्षानुवर्षे, रात्रीमागून रात्री, कोणीतरी दुर्बिणीशी बसून अमुक तारा अमुक क्षणी याम्योत्तर रेषा ओलांडून गेला एवढेच वहीत उतरवीत असे. मनुष्याच्या मेंदूला वर्तमान क्षण आयता मिळत नाही, तो त्याला निरनिराळ्या इंद्रियांनी वेगवेगळ्या वेळी आणून दिलेल्या खबरांवरून जुळवावा लागतो, हा आज सर्वमान्य झालेला सिद्धान्त या वह्यांच्या हिशेबात पडलेल्या एका क्षुल्लक तफावतीतून कसा निघाला, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

वेध घेण्याची त्या काळची रीत प्रथम समजून घेतली पाहिजे, कारण सारे मर्म तिच्यात आहे. दुर्बीण दक्षिणोत्तर प्रतलात पक्की बसविलेली असे. ती वरखाली फिरे, परंतु बाजूला वळत नसे. नेत्रिकेच्या आत उभे बारीक तंतू ताणलेले असत आणि त्यांपैकी मधला तंतू याम्योत्तर रेषा दाखवी. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारा दृष्टिक्षेत्राच्या एका कडेने आत शिरून दुसऱ्या कडेकडे सरकू लागला, की वेधकर्त्याने जवळच्या लंबकाच्या घड्याळाकडे एकवार पाहून सेकंद ध्यानात घ्यावयाचा, लगेच डोळा नेत्रिकेला लावावयाचा, आणि पुढचे ठोके कानांनी मोजीत राहावयाचे. सातव्या ठोक्याला तारा तंतूच्या अलीकडे किती होता आणि आठव्या ठोक्याला पलीकडे किती गेला, ही दोन्ही स्थाने मनात धरून ठेवून त्या अंतराचे मनातल्या मनात दहा भाग पाडावयाचे, आणि तंतू चौथ्या भागावर येतो असे वाटले तर वहीत सात सेकंद व चार दशांश असे लिहावयाचे. जेम्स ब्रॅडली या राजज्योतिष्याने रूढ केलेल्या या नेत्रकर्णपद्धतीने सेकंदाच्या एकदोन दशांशांपर्यंत बिनधोक जाता येते, असा तज्ज्ञांचा भरवसा होता. आपल्या ज्योतिर्ग्रंथांतील परिमाणांत सांगावयाचे, तर चोवीस मिनिटांची घटका, चोवीस सेकंदांचे पळ आणि पळाचा साठावा भाग ते विपळ. म्हणजे एक विपळ सेकंदाच्या चार दशांशांएवढे, आणि एक दीर्घ अक्षर उच्चारावयास जो अवधी लागतो तो हाच, असे आपल्या प्राचीन गणितज्ञांनी मानले होते. ग्रीनिचचा वेधकर्ता या विपळाचीही शकले पाडीत होता, आणि हत्यार म्हणून त्याच्यापाशी डोळा, कान व मन यांवाचून दुसरे काही नव्हते.

नेव्हिल मॅस्केलिन हे १७६५ पासून ग्रीनिचचे मुख्याधिकारी होते. त्यांच्या हाताखाली एकच साहाय्यक असे. त्याने रात्री वेध घ्यावेत, दिवसा त्यांचे गणित करावे, आणि उरलेल्या वेळी पुढच्या ताऱ्याची वाट पाहावी. त्या जागी १७९४ च्या मे महिन्यात डेव्हिड किनेब्रुक नावाचा नॉर्विच येथील एका शाळामास्तराचा मुलगा रुजू झाला. प्रथम त्याचे आणि मुख्याधिकाऱ्यांचे आकडे उत्तम जुळत होते. परंतु १७९५ च्या ऑगस्टपासून किनेब्रुकच्या नोंदी मॅस्केलिन यांच्याहून अर्ध्या सेकंदाने मागे पडू लागल्या, आणि १७९६ च्या जानेवारीत ही तफावत आठ दशांश सेकंदांवर, म्हणजे बरोबर दोन विपळांवर जाऊन पोहोचली. दोन दीर्घ अक्षरांचा हा अवधी ऐकावयास नगण्य वाटला, तरी विषुववृत्तावर तेवढ्या वेळात पृथ्वी पाव मैलाला थोडी कमी इतकी फिरते, आणि खडकाळ किनाऱ्याजवळ येणाऱ्या जहाजाला पाव मैल नगण्य नसतो. साहाय्यकाने विहित पद्धत सोडून वेधाची काही तरी स्वतःची विस्कळीत रीत अंगीकारली असावी आणि तो आता सुधारण्याचा संभव नाही, असा अभिप्राय होऊन मॅस्केलिन यांनी त्याला, नाइलाजाने का होईना, बरतर्फ केले. किनेब्रुक १८०२ साली, ऐन तिशीत, मरण पावला.

मानसशास्त्राचे इतिहासकार ही कथा सांगताना मॅस्केलिन यांना अनेकदा हेकट अंमलदाराचे सोंग देतात, ते मला न्याय्य वाटत नाही. साहाय्यकाला निमूटपणे घरी पाठवून दप्तर स्वच्छ राखणे त्यांना सहज शक्य होते. तसे न करता त्यांनी तफावतीचा आरंभ, तिची वाढ आणि तिचे मान ही सर्व आपल्या छापील वेधग्रंथात प्रांजळपणे नमूद केली, आणि ती नोंद नसती तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु त्यांच्या न्यायातले व्यंग वेगळेच होते. दोन माणसांच्या आकड्यांत फरक पडला, यावरून त्यांच्यापैकी कोणी तरी खरा आहे एवढेसुद्धा सिद्ध होत नाही; कदाचित दोघेही निराळ्या दिशांनी ढळलेले असतील, आणि त्यांचा निवाडा करणारा तिसरा साक्षीदार त्या खोलीत नव्हता. अशा प्रसंगी कोणत्याही कचेरीत जे होते तेच येथे झाले: वरिष्ठाचा डोळा हे प्रमाण ठरले आणि कनिष्ठाचा डोळा ही चूक ठरली. किनेब्रुक मागे पडला, की मॅस्केलिन पुढे सरकले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो वीस वर्षांनी फ्रीड्रिख बेसेल याने विचारला. बेसेल हा विद्यापीठातून आलेला पंडित नव्हता; ब्रेमेन बंदरातील एका व्यापारी पेढीवर उमेदवारी करीत असताना नौकानयनाच्या ओढीने तो ज्योतिषाकडे वळला, आणि पुढे प्रशियाच्या पूर्व टोकाला कोनिग्सबर्ग येथे १८१३ साली पुऱ्या झालेल्या वेधशाळेचा प्रमुख झाला. ब्रॅडलीच्या वेधांचे अवाढव्य गणित करून त्यावरील ग्रंथ त्याने १८१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे ग्रीनिचच्या वह्या कशा लिहिल्या जात हे त्याला तेथील नोकराइतकेच ठाऊक होते. १८१६ च्या सुमारास एका जर्मन नियतकालिकात किनेब्रुकची हकीकत त्याच्या वाचनात आली. सवयीच्या माणसाकडून दोन विपळांची चूक आणि तीही सतत एकाच दिशेने व्हावी, हे पेढीवर जमाखर्च शिकलेल्या त्या माणसाला पटेना. एकाच बाजूला पडणारी तूट ही निष्काळजीपणाची खूण नसून हिशेबाच्या मुळाशी असलेल्या कशाची तरी खूण असते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

बेसेलने मग जे केले, त्यात मला त्याचा खरा मोठेपणा दिसतो: त्याने स्वतःचा डोळा चौकशीस दिला. १८२० च्या हिवाळ्यात वालबेक नावाच्या ज्योतिर्विदासह त्याने तेच तारे त्याच दुर्बिणीने वेधले, तेव्हा दोघांत एका सेकंदाहून अधिक, नेमके १.०४ सेकंदांचे अंतर पडले. १८२३ मध्ये आर्गेलांडरबरोबर ते १.२२ भरले; आणि दोन्ही वेळा पुढे धावणारा बेसेलच होता. किनेब्रुकला ज्या अपराधापायी चाकरी गमवावी लागली, त्याहून मोठी तफावत युरोपातील दोन नामांकित ज्योतिर्विदांमध्ये, दोघेही पूर्ण सावध असताना, आढळून आली. ती स्थिर असती तर एकदाच मोजून कायमची वजा करता आली असती. पण तेही सुख नव्हते. ज्योतिर्विद स्ट्रूवे आणि बेसेल यांच्यातील फरक १८१४ साली जवळजवळ शून्य होता, १८२३ पर्यंत तो सुमारे एका सेकंदावर गेला, आणि १८३४ मध्ये पुन्हा पाऊण सेकंदावर उतरला. पूर्ण सेकंदाऐवजी अर्ध्या सेकंदाचे ठोके देणारे घड्याळ लावले, तर बेसेलचा स्वतःचाच आकडा सुमारे अर्ध्या सेकंदाने मागे सरके. तारा तोच, तंतू तोच, माणूस तोच. केवळ ठोक्यांची लय बदलताच डोळ्याला दिसणारी गोष्ट बदलत होती. ज्योतिर्विदांनी या फरकाला व्यक्तिसमीकरण असे नाव दिले आणि तो हिशेबात धरण्याची रीत पाडली.

बेसेलची अटकळ अशी होती, की डोळ्याची आणि कानाची खबर मनाला एकाच क्षणी घेता येत नाही. कोणी आधी पाहून मग ऐकतो, कोणी आधी ऐकून मग पाहतो. येथे न्यायदर्शनाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. अनेक ज्ञाने एकसमयावच्छेदेकरून उत्पन्न होत नाहीत, हेच मनाचे लक्षण म्हणून गौतमाच्या सूत्रांत सांगितले आहे. मन अणुपरिमाण असल्यामुळे ते एका वेळी एकाच इंद्रियाशी संयुक्त होते, आणि कमळाच्या शंभर पाकळ्या एकीवर एक रचून सुईने भोसकल्या असता त्या एकदमच विंधल्या गेल्या असे वाटते, तसे ज्ञानांचे यौगपद्य हा भास होय, असे नैयायिकांनी पुढे प्रतिपादिले. आपल्या पूर्वजांना सर्व काही आधीच ठाऊक होते, अशी फुशारकी यावरून मारण्यात अर्थ नाही. त्यांनी तर्काने गाठलेली जागा वाखाणण्यासारखी खरीच. परंतु एका पाकळीपासून दुसरीपर्यंत सुईला किती वेळ लागतो, हे मोजण्याची गरज त्यांच्या व्यवहारात कधी पडली नाही, आणि जहाजांच्या पायी ती इंग्रजांना व जर्मनांना पडली.

मोजणीचे पुढचे पाऊलही कोनिग्सबर्ग येथेच पडले, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. काळ हा बाह्य जगाचा गुण नसून मनाच्या ग्रहणशक्तीचे एक रूप आहे, असे सांगणारा इमान्युएल कांट याच गावी जन्मला आणि १८०४ साली येथेच निवर्तला. बेसेल १८४६ पर्यंत येथेच वेध घेत होता. आणि १८४९ मध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ हा तरुण वैद्य शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून येथेच आला. मज्जातंतूंतून संदेश कोणत्या वेगाने धावतो हे मनुष्याला कधीच मोजता येणार नाही, असा त्याच्या गुरूचा, योहानेस म्यूलरचा, अभिप्राय होता. हेल्महोल्ट्झने बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला तंतू घेऊन, तंतूला प्रथम स्नायूच्या निकट आणि मग दूर अंतरावर विजेचा धक्का दिला, आणि स्नायू आकुंचन पावण्यास दुसऱ्या वेळी जो किंचित अधिक विलंब लागला त्यावरून १८५० साली वेग काढला. तो सेकंदाला जेमतेम तीस मीटरांच्या आसपास भरला. विचाराचा वेग अचाट मानणाऱ्या लोकांना हा आकडा अपमानकारक वाटला. कारण त्या काळची आगगाडी जवळजवळ एवढाच पल्ला गाठीत होती. पुढे हेल्महोल्ट्झने दृष्टिविज्ञानावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात, प्रत्यक्ष म्हणून आपण जे मानतो त्याच्या पोटात नकळत केलेले अनुमान दडलेले असते, असे मत मांडले. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन पृथक प्रमाणे मानणाऱ्या आपल्या शास्त्रीमंडळींनी यावर काय पूर्वपक्ष केला असता, याची कल्पना करण्याचा मोह मला अनेकदा होतो.

त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. घड्याळांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यूशातेल गावी हिर्श नावाच्या वेधशाळाप्रमुखाने, सेकंदाचा हजारावा भाग दाखविणाऱ्या हिप्पच्या यंत्राच्या साह्याने, माणूस आवाजाला सुमारे ०.१५ सेकंदांत आणि प्रकाशाला सुमारे ०.२० सेकंदांत प्रतिसाद देतो असे मोजले. उट्रेख्टच्या डोंडर्सने निवड करण्यासाठी मनाला लागणारा वेळ वजाबाकीने वेगळा काढला. आणि १८७९ साली विल्हेल्म वुंट याने लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, तेव्हा ठोका आणि सरकता काटा यांची सांगड मन कशी घालते, हा ज्योतिर्विदांचा जुना प्रश्न तिच्या पहिल्या विषयांपैकी एक होता. ग्रीनिचने मात्र १८५४ पासून कानाला रजा देऊन विजेची कळ आणली. तारा तंतूवर येताच कळ दाबावी, की फिरत्या कागदावर खूण उमटावी. यामुळे तफावत पुष्कळच घटली, पण बोट अखेर माणसाचेच असल्याने ती निःशेष झाली नाही.

हे शास्त्र आपल्या किनाऱ्यालाही कचेरीच्याच वाटेने लागले. कंपनी सरकारने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा बांधली, ती वेध घेण्यासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४० च्या सुमारास तेथे नोकरीस लागलेल्या नागावच्या एका मुलाचे, केरो लक्ष्मण छत्रे यांचे, नाव महाराष्ट्राला पुढे केरूनाना म्हणून आणि 'ग्रहसाधनाची कोष्टके' या ग्रंथामुळे परिचित झाले. वेधशाळेतील साहाय्यकाच्या जागेवरून एवढी मजल मारणारे थोडे. मद्रासच्या वेधशाळेत चिंतामणि रघुनाथाचार्य हेही साहाय्यकच होते, आणि १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध त्यांच्या नावे नोंदला गेला. १८७० नंतरच्या दशकात सर्वेक्षण खात्याने तारायंत्राद्वारे मद्रास, मुंबई आदी ठिकाणांमधील रेखांशांतर मोजावयास घेतले, तेव्हा वेध घेणाऱ्या दोन अधिकाऱ्यांचे व्यक्तिसमीकरण आधी ठरवून ते वजा करावे लागले; तोवर ही वजावट कोणाला अपमानाची वाटेनाशी झाली होती.

आज या विलंबाचे शरीरातले मूळ बरेच उमगले आहे. कानातील पेशी आवाजाच्या धक्क्याने तत्काळ हलतात, पण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचे रूपांतर रासायनिक क्रियेने होत असल्यामुळे दृश्याची खबर मेंदूकडे रेंगाळत येते. आणि असे असूनही समोरच्या माणसाचे ओठ व त्याचे शब्द आपल्याला विलग वाटत नाहीत, कारण मेंदू लहानसहान अंतर स्वतःच मिटवून टाकतो. नाट्यगृहाच्या अगदी शेवटच्या रांगेत, रंगमंचापासून तीस मीटरांवर, नटाचा आवाज त्याच्या मुद्रेमागून सेकंदाच्या नऊ शतांशांनी पोहोचतो, आणि तरी एकाही प्रेक्षकाची त्याबद्दल तक्रार नसते. नदीपलीकडे दीडशे मीटरांवर धोबी कपडा आपटताना दिसला, की मात्र ही मखलाशी उघडी पडते. हात वर गेल्यावर मागाहून आवाज येतो, कारण एवढे अंतर सांधणे मेंदूच्या आवाक्याबाहेरचे असते. सेकंदकाटा ठोके घेत चालणाऱ्या घड्याळाकडे अचानक नजर टाकावी, तर पहिला ठोका बाकीच्यांहून लांबल्यासारखा वाटतो. नजर सरकत असतानाचा कोरा अवधी मेंदू मागाहून त्या पहिल्या दृश्याच्या खात्यात जमा करतो. रोमी निझावन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की सरकती वस्तू आणि क्षणभर चमकलेला प्रकाश एकाच ठिकाणी असले, तरी वस्तू पुढे गेल्यासारखी दिसते. मेंदू तिचे स्थान आगाऊ ताडतो, असे त्यांचे म्हणणे. ईगलमन आणि सेज्नोव्स्की यांनी २००० साली याच्या उलट बाजू घेतली: चमकेनंतर जे घडते ते पाहून मेंदू चमकेच्या क्षणाचे चित्र मागून रंगवतो. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि बेसेलला तो ऐकून मोठा आनंद झाला असता.

वेधशाळांतून माणसाचा डोळा आता जवळपास निवृत्त झाला आहे. त्याची परीक्षा मैदानावर होते. जलद गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर येतो. लँड आणि मॅक्लाउड या संशोधकांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेची नोंद घेतली, तेव्हा असे दिसले, की फलंदाज चेंडूवर सतत डोळा ठेवीतच नाही. हातातून सुटतानाचा चेंडू पाहून नजर थेट टप्पा पडेल त्या जागी उडी घेते आणि तेथे त्याची वाट पाहत थांबते, आणि जितका फलंदाज कसलेला तितकी ती उडी लवकर. पंचाची अडचण निराळी. धावचितीचा निर्णय देताना यष्टी मोडणे आणि बॅट रेषेत येणे या दोन जागी घडणाऱ्या दोन घटना एका क्षणावर आणून तोलाव्या लागतात; हे तारा आणि ठोका यांचेच प्रकरण, फक्त लाखभर प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात. १९९२ च्या नोव्हेंबरात डरबन येथे कसोटी सामन्यात या कामी प्रथमच तिसरा पंच बसविला गेला, आणि त्याच्या निर्णयाने बाद झालेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. येथे तिसरा साक्षीदार मिळाला खरा. पण तेव्हाच्या दूरचित्रवाणीचा कॅमेरा सेकंदाला पंचवीसच चित्रे टिपत असे, आणि धावणारा फलंदाज दोन चित्रांमधल्या फटीत जवळजवळ फूटभर पुढे जातो. एका चित्रात यष्टी शाबूत, पुढच्यात मोडलेली, आणि बॅट मध्येच कोठे तरी; त्या फटीत नेमके काय झाले याचा अदमास यंत्रापुढे बसलेल्या माणसाला, दोन ठोक्यांमधल्या वेधकर्त्याप्रमाणे, मनानेच घ्यावा लागे.

धावण्याच्या शर्यतींत तर हिर्शच्या मोजणीतून निघालेल्या विचाराला कायद्याचे रूप आले आहे. बंदुकीचा बार ऐकून माणसाचे पाय एक दशांश सेकंदाच्या आत हलूच शकत नाहीत, असे गृहीत धरून, त्याआधी पायटेकणीवर दाब नोंदला गेला तर ती आगाऊ सुरुवात ठरविण्याचा नियम आहे. किनेब्रुकच्या बरतर्फीला दोनशे वर्षे झाली त्या १९९६ सालीच, अटलांटा ऑलिंपिकच्या शंभर मीटरांच्या अंतिम शर्यतीत, मागच्या खेपेचा विजेता लिनफर्ड क्रिस्टी याचा दुसऱ्या चुकीच्या सुरुवातीचा आकडा ०.०८६ सेकंद निघाला आणि तो बाद झाला. त्याला हे पटेना आणि तो बराच वेळ मार्गिका सोडीना. काही संशोधकांच्या मते कसलेला धावपटू ही सीमा प्रामाणिकपणेही ओलांडू शकतो, म्हणून ती खाली आणावी. ती अद्याप उतरलेली नाही. २०२२ च्या जुलैत अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीसाठी डेव्हन अॅलन स्वतःच्या देशात, स्वतःच्या विद्यापीठाच्या मैदानावर उभा राहिला. यंत्राने त्याचा प्रतिसाद ०.०९९ सेकंद दाखविला. सेकंदाच्या एक सहस्रांशाने तो नियमात बसत नव्हता, आणि त्याच्यावाचूनच शर्यत धावली गेली.